आप्पांचा दहावा शोध

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं संशोधन काही थांबलं नव्हतं. हयातीत त्यांनी सहा झाकणं शोधून काढली आणि वारल्यावर तीन. माणूस गेला की कामाचा वेग जरा मंदावतो, तेवढाच त्यांचाही मंदावला होता. कारखान्यात कुणी काहीही नवं केलं तरी ते आप्पांच्या नावावर जमा व्हायचं, ही त्या घराची रीत. सातव्या झाकणामुळे तेलाच्या डब्यांचे ओघळ बंद झाले. ते आप्पांच्या थोरल्या मुलानं, फिरकीच्या बाबांनी केलं होतं, आणि त्यावर ‘आप्पा–७’ असं कोरलं होतं. बाबाही पुढे गेले. पण मेल्यावर शोध लावायची सोय घरात एकालाच होती आणि ती जागा भरलेली होती.

आज रविवार. खाली यंत्रं बंद होती, तरी गरम प्लास्टिकचा वास जिन्यापर्यंत यायचा तो आलाच. वरच्या खोलीत, जिथे एरवी माल तपासला जातो, त्या लांब टेबलाभोवती घरची माणसं दहाव्या झाकणाचा निकाल लावायला बसली होती. टेबलावर चहा होता, पाव होता, उकडलेली अंडी होती, आणि मधोमध एक औषधाची बाटली. बाटलीवर फिरकीनं केलेलं झाकण.

फिरकी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी हाताला लागेल ते फिरवून बघायची, म्हणून. आता ती साचे बनवायची, पगार घ्यायची, चष्मा लावायची, तरी फिरकीच.

झाकण साधं दिसायचं. औषधाच्या बाटल्यांची नेहमीची झाकणं बोटांनी दाबून फिरवावी लागतात. मुलांना उघडता येऊ नयेत म्हणून ती तशी केलेली असतात, आणि प्रत्यक्षात ती फक्त मुलांनाच उघडता येतात. म्हातारी माणसं बाटली घेऊन शेजारच्या नातवाकडे जातात. फिरकीच्या झाकणाला कडेला दोन कान होते. पूर्ण तळहात वर ठेवून दोन्ही कान एकदम दाबले की आतलं कडं सुटायचं आणि अर्ध्या फेऱ्यात झाकण हातात यायचं. लहान मुलाचा तळहात दोन्ही कानांना पुरत नाही. बोटांचं तिथे कामच नव्हतं.

बोटांचं काम नको होतं, कारण ते आईसाठी केलं होतं. आई या कारखान्याची तपासनीस. इथून बाहेर पडलेलं जवळजवळ प्रत्येक झाकण एकदा तिनं उघडून बंद केलं होतं. आता तिची बोटं सकाळी चहाचा कपसुद्धा धड धरायची नाहीत.

“सुरुवात करू या?” वकील म्हणाला. वकील म्हणजे फिरकीचा आतेभाऊ. पेटंटची कामं करायचा. बाहेर त्याची फी मोठी होती. घरात तो अंड्यांवर काम करायचा. “परिस्थिती अशी आहे. फिरकी इथे नोकरीला आहे, तिनं हे इथल्या यंत्रांवर केलंय. म्हणजे हक्क कारखान्याचा. कारखान्याचे भागीदार तीन. मोठे मामा, छोटे मामा, आणि मामी. तिघांपैकी दोघांनी हक्क सोडला, तर फिरकी स्वतःच्या नावानं अर्ज करू शकते. आणि जे काही करायचं ते आज. कारण उद्या...”

“उद्या आमचा जाहीरनामा,” मोठे काका म्हणाले. वकिलाचे मामा ते फिरकीचे काका, आणि त्याची मामी म्हणजे तिची आई.

“आमचाही,” धाकटे काका म्हणाले.

मोठे काका सत्ताधारी पक्षात होते आणि धाकटे विरोधी. पक्ष निवडताना दोघांनीही तत्त्वांचा फारसा विचार केला नव्हता. एकानं हा घेतला, म्हणून दुसऱ्यानं तो घेतला. लहानपणी सायकलीही अशाच घेतल्या होत्या. दोन्ही पक्षांनी आपापल्या जाहीरनाम्यातलं ‘नवनिर्मिती आणि बौद्धिक संपदा’ हे प्रकरण आपापल्या काकांना दिलं होतं. या विषयासाठी दोन्हीकडे दुसरा उमेदवारच नव्हता. रस्ते, पाणी, नोकऱ्या ही प्रकरणं मोठ्या नेत्यांनी घेतली. उरलं ते काकांना. पण उरलेलं असलं तरी त्यात चित्र हवंच, आणि दोघांनाही चित्र म्हणून हेच झाकण हवं होतं. सत्ताधारी पक्ष ते मुखपृष्ठावर छापणार होता, विरोधी पक्ष त्याचे आराखडे फुकट वाटणार होता. म्हणजे उद्या सकाळी झाकण जगजाहीर होणार, आणि जगजाहीर झालेल्या गोष्टीचं पेटंट मिळत नाही.

मोठ्या काकांनी टेबलावर दोनदा टिचकी मारली. समोर माईक नसला तरी ते आधी माईक तपासायचे.

“आमची भूमिका स्वच्छ आहे. ज्याचं डोकं, त्याचा हक्क. पेटंटचा निकाल झटपट, नक्कल करणाऱ्याला तुरुंग. माणसानं वर्षानुवर्षं डोकं फोडायचं आणि पलीकडच्या गल्लीतल्यानं आठवड्यात साचा पाडायचा. मग उद्या डोकं फोडणार कोण?”

“अगदी बरोबर, काका,” फिरकी म्हणाली.

“म्हणून अर्ज आजच करायचा. शोध लावणारे, आप्पा.”

वकिलानं अंडं खाली ठेवलं. “मोठे मामा, शोध लागला तेव्हा शोध लावणारा जिवंत असावा लागतो.”

“असं कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. या मुद्द्यावर कुणाला शंका येईल असं कायदा करणाऱ्यांना वाटलं नसावं.”

“मग सात, आठ, नऊ?”

“त्यांची पेटंटं घेतलीच नाहीत कुणी. नुसतं कोरलंय. म्हणून तर आपण आज इथे मोकळे बसलोय.”

“मग असं लिहू, की आप्पांना हे जिवंतपणीच सुचलं होतं.”

“आप्पांच्या वेळी हे प्लास्टिकच निघालं नव्हतं, मामा.”

“दूरदृष्टी,” मोठे काका म्हणाले.

धाकटे काका या क्षणाची वाट बघत होते. ते हळू आवाजात बोलायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं, आणि पुढे वाकलेला माणूस आपल्याशी सहमत असल्यासारखा दिसतो.

“माझे दोन मुद्दे. ज्ञानाला झाकण लावता येत नाही.” ते थांबले. “हे वाक्य माझं आहे. पहिल्या पानावर येतंय.”

“आणि दुसरा मुद्दा?” आईनं विचारलं.

“तोच, वहिनी. पण जरा विस्तारानं. ही शिकली कुणाच्या पैशावर? सरकारी शाळा, सरकारी कॉलेज. म्हणजे लोकांच्या पैशावर. आणि आता कुठल्यातरी आडगावातल्या म्हातारीनं औषधाबरोबर झाकणाच्या हक्काचेही पैसे मोजायचे? जीव वाचवणारी वस्तू असेल तर ती सगळ्यांना बनवता आली पाहिजे. मक्तेदारी घालवा, मुदती कमी करा. झाकण जनतेला अर्पण. आप्पांच्या स्मरणार्थ.”

“इथेही आप्पाच?” फिरकी म्हणाली.

“स्मरणार्थला जिवंत असावं लागत नाही,” धाकट्या काकांनी वकिलाकडे बघितलं. वकिलानं मान डोलावली. कायद्यानं ते बरोबर होतं.

फिरकीची पंचाईत इथेच होती. काका चुकीचं बोलत असते तर सोपं होतं. दोघंही बरोबर बोलत होते. तिचा एक साचा पलीकडच्या गल्लीतल्यानं खरोखरच उचलला होता, तो अजूनही तिला भेटला की नमस्कार करायचा. आणि आडगावातली म्हातारीही खरी होती, फक्त ती आडगावात नव्हती, याच टेबलाशी खिडकीजवळ बसून पाव मोडायचा प्रयत्न करत होती.

“काका, मला ते सरकारी दवाखान्यांना फुकटच द्यायचंय,” ती म्हणाली. “आणि मोठ्या कंपन्यांकडून पैसे घ्यायचेत. पण देऊन टाकायलाही ते आधी माझं असावं लागतं ना? जे माझं नाही, ते मी काय देणार?”

“भाषण चांगलं करते,” मोठे काका म्हणाले.

“आमच्याकडे यायला हवी,” धाकटे काका म्हणाले.

“माझं मत फिरकीला,” आई म्हणाली. “तिचं झाकण, तिचं नाव.”

“वहिनी, घराची रीत...” मोठे काका म्हणाले.

“सातव्याच्या वेळी रीत पाळली मी. रात्रभर हे साचा घासत बसायचे, आणि सकाळी पेढीवर सगळे आप्पांच्या फोटोला हार घालायचे. झाली एकदा पाळून.”

मोठ्या काकांनी टिचकीसाठी उचललेलं बोट परत घेतलं.

म्हणजे एक मत झालं. आणखी एक हवं होतं, आणि समोर दोन काका होते. एकाला अर्ज हवा होता पण तिचं नाव नको होतं. दुसऱ्याला अर्जच नको होता.

इतक्यात मोठ्या काकांचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून ते बसल्या जागी उभे राहिले आणि शर्टाचं वरचं बटण लावून जिन्यात गेले. दारातून त्यांचं “हो साहेब”, “बरं साहेब” आणि एक लांबलचक “अच्छा!” ऐकू आलं. परत आले ते जरा वेगळ्या चालीनं. त्यांनी खुर्ची ओढली, चहा घेतला आणि टिचकी मारली.

“मी विचार केला,” ते म्हणाले.

“जिन्यात?” आई म्हणाली.

“शेवटी वस्तू कुणाची? समाजाची. एकटा माणूस काय शोध लावतो? मागच्यांच्या खांद्यावर उभा असतो तो. ज्ञानाला...” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, “ज्ञानाला काही झाकण लावता येत नाही.”

धाकट्या काकांच्या घशात चहा अडकला. फिरकीनं त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या.

“दादा! ते माझं वाक्य आहे!”

“तुझं कसं? मी आत्ता बोललो की.”

“मी मघाशी बोललो! इथेच! याच टेबलावर!”

“काय झालं काय, मामा?” वकिलानं विचारलं.

“पाहणीचे आकडे आले,” मोठे काका म्हणाले. त्यांच्या स्वरात लाज नव्हती, माहिती होती. “लोकांना स्वस्त औषधं हवीत. नक्कल करणाऱ्याला तुरुंग म्हटलं की लोकांना वाटतं आपल्याच पोराला नेतायत. फोनमध्ये गाणी भरून देतो ना तो. तेव्हा पक्ष आता खुल्या ज्ञानाचा. आज दुपारपासून.”

“आणि रात्री छापलेला मसुदा?”

“त्यात फक्त ‘असेल’चं ‘नसेल’ करायचंय. छापखाना म्हणाला, होईल.”

धाकटे काका काही बोलणार, तेवढ्यात त्यांचाही फोन वाजला. ते जिन्यात गेले नाहीत, त्यांच्या पक्षात लोकशाही होती. त्यांनी खोलीतच पाठ वळवली. “हो... हो, कळलं मला, इथेच बसलाय तो... म्हणजे? पूर्ण?... पण माझं वाक्य?... नाही, कळतंय, आपण विरोधी आहोत... बरं.” फोन ठेवून ते बाटलीकडे बघत उभे राहिले.

“काय म्हणाले?” फिरकीनं विचारलं.

“सरकार ज्ञान खुलं करणार म्हणतंय. आम्ही विरोधी पक्ष आहोत. विरोध करणं भाग आहे.” ते खुर्चीत बसले. “आमची भूमिका आता कडक संरक्षणाची. संशोधकावर होणारा अन्याय खपवून घेतला जाणार नाही.”

“छोट्या, हे माझं!” मोठे काका म्हणाले. ‘छोट्या’ नुकताच निवृत्त झाला होता. “नाही, म्हणजे घे. आमची काही हरकत नाही. आमच्या धोरणाप्रमाणे कुणीही घ्यावं.”

“मला नकोय तुझं! मला माझं वाक्य परत हवंय!”

“तुला आता ते काय कामाचं? तुझा पक्ष त्याच्या विरोधात आहे.”

“म्हणून काय झालं? वापरणार नाही मी! पण तूही वापरायचं नाहीस! तीन महिने लागले मला त्या वाक्याला, दादा. आधी ‘ज्ञानाला कुंपण घालता येत नाही’ होतं. मग ‘ज्ञान डब्यात मावत नाही’. अंघोळीला गेलो असताना ‘झाकण’ सुचलं. ओला बाहेर आलो मी!”

“सुचेना का. सुचलेलं सगळं समाजाचं.”

“समाज होता का बाथरूममध्ये?” धाकटे काका उभे राहिले. त्यांचा आवाज आयुष्यात प्रथमच असा चढला असेल, कुणाला पुढे वाकावं लागलं नाही. “माझ्या डोक्यातून निघालंय! माझंच नाव लागलं पाहिजे त्याच्याखाली! पक्षाचं नाही, घराचं नाही, आप्पांचं तर नाहीच नाही! माझं!”

खाली कुठेतरी थंड होणारा पत्रा कडकन वाजला.

“धाकटे भाऊजी,” आई म्हणाली. ती पाव मोडायचा नाद सोडून केव्हाची ऐकत बसली होती. “आणि झाकणाखाली?”

“काय झाकणाखाली?”

“फिरकीच्या डोक्यातून निघालंय म्हणून विचारलं.”

वकील खिडकीबाहेर बघू लागला, कारण त्याला हसू येत होतं आणि त्याची फी अजून टेबलावर होती. धाकट्या काकांना माघार घ्यायची तर वाक्यावरचा हक्क सोडावा लागणार होता, आणि वाक्य समोर दादाच्या ताटात पडलं होतं.

“हे बघ,” ते फिरकीला म्हणाले, “माझा पक्ष संशोधकाच्या बाजूनं आहे.”

“आज दुपारपासून,” मोठे काका म्हणाले.

“आज दुपारपासून! आणि मीही! मी भागीदार म्हणून माझा हक्क सोडतो. घाल तुझं नाव. पण एक अट. हे वाक्य कुणाचं, असं कुणी विचारलं तर तू साक्ष द्यायची.”

“कोर्टातसुद्धा देईन, काका,” फिरकी म्हणाली.

दोन मतं झाली होती. मोठे काका एकटे पडले, पण त्यांना ते फारसं लागलं नाही. त्यांच्या पक्षाला सध्या झाकण खुलं हवं होतं, आणि खुलं झाकण काय, त्यांना दुसरंही कुठलं चाललं असतं. वकिलानं हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि कामाच्या आवाजात म्हणाला, “छान. नेहमीचा एक प्रश्न विचारतो आणि पुढे जातो. हे झाकण बाहेर कुठे कुणाला दाखवलेलं नाहीये ना?”

फिरकी म्हणाली, “नाही.”

आई म्हणाली, “नाही.”

धाकटे काका म्हणाले, “शब्दानंही नाही. आराखडे कपाटात कुलूप लावून ठेवलेत. फुकट वाटायचे होते ना, आधी फुटायला नकोत.”

मोठ्या काकांनी एक अंडं घेतलं आणि ते फार लक्षपूर्वक सोलू लागले.

“मोठे मामा?”

“दाखवलं असं नाही म्हणता येणार.”

“मग काय म्हणता येईल?”

“परवाच्या सभेत... संरक्षणाचा मुद्दा होता तेव्हा... उदाहरण म्हणून हात वर केला. हातात झाकण होतं.”

“किती लोक होते?”

“मैदान भरलं होतं,” मोठे काका म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ऐकू आलं की त्यांच्या आवाजात अभिमान होता. “चॅनेलवरही दाखवलं.”

वकिलानं लॅपटॉप मिटला. फार सावकाश मिटला, आणि फिरकीला वाटलं, आयुष्यात एवढा मोठा आवाज तिनं ऐकला नाही.

“संपलं?” तिनं विचारलं.

“जगाला दाखवलं असेल, तर ते नवं राहत नाही. नवं नसेल, तर पेटंट नाही.”

“पण मी संरक्षणासाठीच दाखवलं होतं!” मोठे काका म्हणाले. “मी म्हणालो होतो, बंधुभगिनींनो, ही अशी गोष्ट, हिच्यावर डल्ला पडता कामा नये!”

“आणि तेवढ्यासाठी भरलेल्या मैदानाला दाखवलीत,” आई म्हणाली. “चांगलं केलंत.”

धाकट्या काकांच्या चेहऱ्यावर दु:ख आणि समाधान यांची ओढाताण चालली होती. बराच वेळ दु:ख पुढे होतं. “दादा, तो तूच होतास? आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. मला वाटलं, नुसता सारखा दिसतोय. आवाज बंद ठेवून बघितला होता मी.”

“दाखवा,” फिरकी म्हणाली.

धाकट्या काकांनी फोन टेबलावर उभा केला, बाटलीला टेकवून. सगळे वाकले. पडद्यावर मोठे काका हार घालून उभे होते, हातात बाटली. “ज्याचं डोकं, त्याचा हक्क!” मैदानातून टाळ्या. “बघा, किती सोपं आहे!” पडद्यावरच्या काकांनी झाकणावर तळहात ठेवला. दाबला. फिरवला. काहीच झालं नाही. त्यांनी परत दाबला. मग दोन्ही हातांनी. मग बाटली पोटाशी धरून. शेजारचा आमदार मदतीला आला, त्यानं दातही लावून बघितले. मैदानात खसखस पिकली. मग काकांनी बाटली उंच धरली आणि गर्जना केली, “असं संरक्षण पाहिजे! असं!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“प्रसंग सांभाळला मी,” मोठे काका पुटपुटले.

फिरकी पडद्याकडे बघतच राहिली. तिनं व्हिडिओ मागे नेला. परत लावला. तळहात, दाब, फेरा, काही नाही.

“काका, हे कुठून घेतलंत तुम्ही?”

“खालून. वर्कशॉपमधून.”

“खालून कुठून? माझ्या टेबलावरून की दाराजवळच्या ट्रेमधून?”

“मला काय माहीत! घाईत होतो. दारात ट्रे होता, त्यातलं एक उचललं.”

आईनं फिरकीकडे बघितलं. फिरकीनं आईकडे. मग आई हसायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

कारखान्यात दोन ट्रे होते, ते आप्पांच्या काळापासून. एक आत, कामाचा. दुसरा दाराजवळ, हाताला लागेल असा, पाहुण्यांचा. पाहुण्यांच्या ट्रेमधला माल बाहेरून अगदी हुबेहूब असायचा, आणि आत पोकळ. व्यापारी आले, चौकशीला कुणी आलं, की आप्पा स्वतः त्यातलं एक काढून कौतुकानं हातावर ठेवायचे. नवी वस्तू बनली की आधी पाहुण्यांचा ट्रे भरायचा आणि मगच कामाला लागायचं, हे आईनं फिरकीला साचा धरायच्या आधी शिकवलं होतं. ही पद्धत सुरू कशी झाली, तेही तिनं सांगितलं होतं. घरातली दोन मुलं आप्पांचं तिसरं झाकण शाळेत मिरवायला घेऊन गेली होती, आणि महिन्याभरात ते शेजारच्या कारखान्यात निघालं होतं. ती दोन्ही मुलं आत्ता या टेबलाशी बसली होती. पाहुण्यांत नातेवाईक धरायचे, हे आप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही. नुसता ट्रे दाराजवळ ठेवला.

“त्याच्या आत कडं नाहीये,” फिरकी वकिलाला म्हणाली. “काहीच नाहीये आत. ते उघडतच नाही. उघडायला केलेलंच नाही.”

वकिलानं व्हिडिओ स्वतः परत एकदा बघितला, आमदाराच्या दातांपर्यंत. “म्हणजे जगानं बाहेरचे दोन कान बघितले. ते गेले. त्यांच्यावर हक्क सांगता येणार नाही. पण शोध आतल्या कड्यात आहे आणि ते कुणीच बघितलं नाही.” त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला. “नसलेली वस्तू जाहीर करता येत नाही. या व्हिडिओची प्रत मला द्या, छोटे मामा. हा पुरावा आहे. एवढ्या माणसांसमोर प्रयत्न करूनही शोध सापडला नाही.”

“हवी तेवढी देतो,” धाकटे काका म्हणाले. आता समाधान बरंच पुढे निघून गेलं होतं.

मोठे काका मात्र सोललेलं अंडं हातात धरून ताठ बसले होते. सुटका झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं, पण आणखीही काहीतरी लक्षात आलं होतं.

“म्हणजे तू मला बिघडलेलं झाकण दिलंस? सख्ख्या काकाला? भर सभेत?”

“दिलं नाही, काका,” फिरकी म्हणाली. “तुम्ही घेतलंत.”

मोठ्या काकांनी थोडा वेळ यावर विचार केला. त्यांच्या पक्षाच्या नव्या धोरणात याला उत्तर असायला हवं होतं, पण मसुदा छापखान्यात होता. त्यांनी अंडं खाल्लं.

वकिलाची बोटं खटाखट चालत होती. आईनं औषधाची बाटली पुढे ओढली, फोन आडवा झाला तरी तिनं उचलला नाही.

“शोध लावणाऱ्याचं पूर्ण नाव,” वकील म्हणाला. “सांग. उगाच माझ्याकडून चूक नको.”

फिरकीनं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. सावकाश, एकेक शब्द सुटा करत, अनोळखी पत्ता सांगावा तसं. वकिलानं टाइप केलं. धाकट्या काकांनी मान पुढे काढून पडद्यावर बघितलं, मग मोठ्या काकांकडे, मग परत पडद्यावर.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

आईनं बाटलीवर तळहात ठेवला, दाबला, अर्धा फेरा दिला. टक् झालं. तिनं एक गोळी काढून हातावर घेतली.

“मी ठेवलंय ते नाव,” ती म्हणाली. “वापरायचं असेल तर विचारून वापरा.”